दहा हजारांत दोन प्लाक: लॅम्डा फेज आणि ई. कोलाय के-१२

प्रकरण असे आहे. लॅम्डा हा जिवाणूंवर वाढणारा विषाणू, म्हणजे फेज, ई. कोलाय या जिवाणूच्या ‘सी’ या वाणावर वाढवला. मिळालेले लायसेट, म्हणजे फुटलेल्या पेशींतून निघालेला फेजचा द्रव, पुन्हा ‘सी’वरच मोजले, तर टायटर, म्हणजे वाढू शकणाऱ्या कणांची संख्या, भरला मिलिलिटरला २,००० कोटी. तेच लायसेट, त्याच दिवशी ‘के-१२’ या वाणावर मोजले, तर अवघा ४० लाख. १०,००० कणांमागे फक्त २ कणांना प्लाक, म्हणजे जिवाणूंच्या थरात पेशी मेल्याने पडणारा ठिपका, उठवता आला. मग के-१२वरच्या त्या मोजक्या प्लाकांपैकी एक उचलून फेज के-१२वरच वाढवला आणि दोन्ही वाणांवर मोजला. आता दोन्हीकडे आकडा सारखाच! शेवटी हाच फेज एकदा ‘सी’वर वाढवून परत के-१२वर आणला, आणि आकडा पुन्हा कोसळला दहा हजारांत दोनवर.

हे आकडे समजायला सोपे जावेत म्हणून पूर्णांकात घेतले आहेत. प्रत्यक्षात प्रमाण दहा हजारांत एक ते पाच असे थोडे हलते. हालचालीचा क्रम मात्र बदलत नाही: अडतो, सुटतो, पुन्हा अडतो. जोसेपे बर्तानी आणि जाँ वायगल यांनी १९५३ मध्ये लॅम्डा आणि पी-२ या फेजांत हेच वर्तन नोंदवले होते. अडलेला फेज सुटतो यात नवल नाही, उत्परिवर्तनाने तसे होऊ शकते. नवल आहे ते सुटलेला फेज एका फेरीत पुन्हा अडण्याचे. प्रकरणाची किल्ली तिथेच आहे.

आधी मोजणी कशी करायची ते पाहू, कारण या प्रकरणातल्या निम्म्या चुका मोजणीत होतात. दोन्ही वाण रात्रभर ०.२ टक्के माल्टोज आणि १० मिलिमोलर मॅग्नेशियम सल्फेट घातलेल्या ट्रिप्टोन ब्रॉथमध्ये वाढवायचे. माल्टोज का, तर लॅम्डा पेशीच्या पृष्ठावरच्या ज्या प्रथिनाला चिकटतो ते माल्टोज आत घेणारे प्रथिन आहे. साखर म्हणून ग्लुकोज घातले तर पेशी ते बनवणेच कमी करते आणि फेजला धरायला जागा उरत नाही. मॅग्नेशियम फेजच्या कणाला घट्ट ठेवते. फेज विरळ करायला एसएम बफर: १०० मिलिमोलर मीठ, ८ मिलिमोलर मॅग्नेशियम सल्फेट, ५० मिलिमोलर ट्रिस, पीएच ७.५, आणि थोडे जिलेटिन. ०.१ मिलिलिटर पेशींत ०.१ मिलिलिटर विरळ फेज घालून ३७ अंशांवर १५ ते २० मिनिटे चिकटू द्यायचे. मग ४५ ते ४८ अंशांवर पातळ ठेवलेला ०.७ टक्के अगार ३ मिलिलिटर घालून, नळी हातांत एकदा फिरवून, दीड टक्के अगारच्या प्लेटीवर ओतायचा. वरचा अगार ५० अंशांच्या वर गेला की पेशी मरतात आणि प्लाक कमी भरतात. फार गार झाला तर गुठळ्या पडतात. रात्रभर ३७ अंशांवर ठेवून ज्या प्लेटीवर ३० ते ३०० प्लाक असतील तीच मोजायची.

‘सी’साठी ती प्लेट १ कोटीपट विरळ केलेल्या फेजची असेल, साधारण २०० प्लाकांची. के-१२साठी १०,००० पट विरळ केलेली, साधारण ४० प्लाकांची. लॅम्डाचा साधा प्लाक मधोमध धूसर असतो, कारण काही पेशी फेजला पोटात घेऊन जगतात. मोजणीसाठी स्वच्छ प्लाक देणारा सीआय उत्परिवर्ती, म्हणजे असा पोटात बसून राहू न शकणारा, लॅम्डा घेतलेला बरा.

आता संशयित एकेक करून बाद करायचे.

पहिला संशय: फेज के-१२ला चिकटतच नसेल. तपासणी सोपी आहे. फेज आणि के-१२ पेशी २० मिनिटे एकत्र ठेवायच्या, पेशी सेंट्रिफ्यूजमध्ये खाली बसवायच्या आणि वरच्या द्रवात उरलेला मोकळा फेज ‘सी’वर मोजायचा. ‘सी’ पेशींइतकाच फेज के-१२ पेशींनीही उचललेला दिसतो. म्हणजे दार उघडे आहे.

दुसरा संशय जास्त खरा वाटणारा. मूळ के-१२ वाणाच्या पोटात लॅम्डा स्वतःच गुणसूत्रात बसलेला असतो. एस्थर लेडरबर्ग यांनी तो १९५१ मध्ये ओळखला. असा लॅम्डा आत असला की त्याचे दमनकारी प्रथिन बाहेरून येणाऱ्या लॅम्डालाही गप्प बसवते. म्हणून या कामाला लॅम्डा काढून टाकलेला वाण लागतो, उदाहरणार्थ एमजी-१६५५. लॅम्डाधारी वाणावर चुकून मोजणी झाली तर दहा हजारांत दोनसुद्धा मिळत नाहीत, आणि जे मिळतात ते उत्परिवर्ती असतात; दमनातून सुटण्याचा त्यांचा गुण ‘सी’वरून फिरून आल्यावरही टिकतो.

तिसरा संशय क्रिस्परचा. जिवाणू फेजच्या डीएनएचा तुकडा आपल्या गुणसूत्रात जपून ठेवतो आणि पुढच्या वेळी त्याच्याशी जुळणारा डीएनए कापतो, हे दही-चीजच्या विरजणातल्या स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलसमध्ये २००७ मध्ये सिद्ध झाले. के-१२मध्येही क्रिस्परची जनुके आहेत, पण एच-एनएस नावाचे प्रथिन ती एरवी दाबून ठेवते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे क्रिस्परमधून निसटणाऱ्या फेजच्या डीएनएत नेमक्या जागी अक्षर बदललेले असते. हा बदल वारशाने उतरतो. दहा वेळा दुसऱ्या वाणावरून फिरवा, फेज निसटताच राहतो. आपल्या प्रकरणातला फेज एका फेरीत ‘विसरतो’. म्हणून क्रिस्पर नाही आणि उत्परिवर्तनही नाही.

उरते ते एकच स्पष्टीकरण. के-१२मध्ये वाढलेल्या डीएनएवर काहीतरी ठसा उमटतो, जो अक्षरे बदलत नाही पण के-१२च्या पेशीला वाचता येतो. ‘सी’त वाढताना तो ठसा कोणी मारत नाही, म्हणून तो जातो.

ठसा डीएनएवरच आहे, फेजच्या प्रथिनांच्या कवचावर नाही, हे जिनिव्हात व्हेर्नर आर्बर आणि डेझी दुस्वा यांनी १९६२ मध्ये दाखवले. त्यामागचा हिशेब फार सुंदर आहे आणि तो स्वतः करून पाहण्यासारखा आहे. के-१२वर वाढलेला, म्हणजे ठसा असलेला लॅम्डा ‘सी’ पेशीत एकच फेरी वाढू द्यायचा. एका पेशीतून साधारण १०० नवे कण बाहेर पडतात. आत गेलेल्या मूळ डीएनएला दोन धागे होते, दोन्हींवर ठसा. नक्कल होताना ते वेगळे होतात आणि प्रत्येकाला नवा, कोरा जोडीदार मिळतो. मग १०० कणांत जास्तीत जास्त २ कणांत एकेक जुना धागा, बाकी ९८ पूर्ण कोरे. अशा लायसेटची के-१२वरची मोजणी शेकडा एक-दोनच्या आसपास भरते, आणि जुना धागा ज्यांच्यात आहे तेच कण वाढतात. पूर्ण प्लाकभर, अनेक फेऱ्या वाढलेल्या फेजमध्ये जुने धागे नगण्य होतात आणि आकडा दहा हजारांत दोनवर उतरतो.

हा एक फेरीचा प्रयोग करताना ‘सी’ पेशींना १० पेशींमागे १ कण इतकाच फेज द्यायचा, २० मिनिटांनी पेशी सेंट्रिफ्यूज करून धुवायच्या, मग गरम ब्रॉथमध्ये खूप विरळ करून तासा-दीड तासाने क्लोरोफॉर्मचे थेंब घालायचे. धुणे टाळले तर न चिकटलेला, दोन्ही धाग्यांवर ठसा असलेला मूळ फेज लायसेटात तसाच राहतो आणि ‘एक जुना धागा’ असलेल्या कणांत मिसळून मोजला जातो. विरळ करणे टाळले तर फुटलेल्या पेशींतून निघालेले कण शेजारच्या पेशींत दुसरी फेरी सुरू करतात आणि शेकडा एक-दोन हा आकडा आणखी घसरतो. दोन चुका उलट दिशांना ओढतात, त्यामुळे एकीने दुसरी झाकली जाऊन आकडा बरोबर आल्यासारखा वाटू शकतो.

दुस्वा आणि आर्बर यांच्या दुसऱ्या प्रयोगाने अडवणुकीची तऱ्हा उघड केली. किरणोत्सारी फॉस्फरसने खूण केलेला कोरा फेज के-१२ पेशींना दिला. डीएनए आत शिरला आणि काही मिनिटांतच त्याचा मोठा हिस्सा आम्लात विरघळणाऱ्या छोट्या तुकड्यांत मोडला. पेशी परक्या डीएनएचा चुरा करत होती.

हे काम करणाऱ्या यंत्राचे नाव इको-के-वन. हार्वर्डमध्ये मॅथ्यू मेसेल्सन आणि रॉबर्ट युआन यांनी १९६८ मध्ये ते शुद्ध केले. त्यात पाच घटक असतात: एक ओळखणारा एस, दोन ठसा मारणारे एम, दोन कापणारे आर. तिन्हींची जनुके गुणसूत्रावर शेजारी शेजारी आहेत. एस घटक जी खूण शोधतो ती अशी: ए-ए-सी, मग कोणतीही सहा अक्षरे, मग जी-टी-जी-सी. एम घटक या खुणेतल्या प्रत्येक धाग्यावर एका ठरलेल्या ॲडेनीनला, म्हणजे ए अक्षराला, मेथिल गट लावतो. ठसा म्हणजे एवढेच. एका अक्षरावर एक कार्बन आणि तीन हायड्रोजन. लागणारा मेथिल गट एस-ॲडेनोसिल-मेथायोनिनमधून येतो, आणि मेथायोनिनविना वाढवलेल्या पेशींत ठसा नीट उमटत नाही, हे आर्बर यांनी १९६५ मध्ये दाखवले होते. ठसा मेथिलचा असावा हा अंदाज त्यातूनच आला.

खूण सापडल्यावर तीन शक्यता. दोन्ही धाग्यांवर मेथिल असेल तर यंत्र सोडून देते. एकाच धाग्यावर असेल तर दुसऱ्यावर लावून देते. दोन्ही कोरे असतील तर आर घटक जागे होतात. आणि इथे इको-के-वन प्रयोगशाळेतल्या ओळखीच्या, खुणेतच कापणाऱ्या एन्झाइमांसारखे वागत नाही. ते खुणेला धरून बसते आणि दोन्ही बाजूंचा डीएनए सेकंदाला शेकडो बेस-जोड्या (समोरासमोरच्या अक्षरांच्या जोड्या) या वेगाने स्वतःकडे ओढते, एटीपी हे पेशीचे इंधन जाळत. ओढ अडली, म्हणजे दुसऱ्या खुणेवरून ओढणारे दुसरे यंत्र आडवे आले, की तिथे दोन्ही धागे कापते. काप खुणेपासून हजारो बेस-जोड्या दूर, कुठेही पडतो. म्हणून इको-के-वनने कापलेला डीएनए जेलवर, म्हणजे तुकडे लांबीनुसार वेगळे करणाऱ्या थरावर, टाकला तर ठळक पट्टे दिसत नाहीत, धुरकट लांबट डाग दिसतो. तो पाहून नमुना खराब झाला असे वाटते; खराब झालेला नसतो. मोकळी टोके मिळाली की पेशीतले रेक-बीसीडी हे एन्झाइम त्यांवरून सुटते आणि उरलेला चुरा करते. आम्लात विरघळणारे तुकडे तिथून येतात.

खुणा किती, याचा अंदाज कागदावर काढता येतो. ठरलेली अक्षरे सात, म्हणजे ४ चा ७वा घात, १६,३८४. खूण उलटसुलट सारखी नसल्याने ती दोन्ही दिशांनी शोधायची, म्हणून सरासरी ८,१९२ बेस-जोड्यांमागे एक. लॅम्डाची लांबी ४८,५०२, अपेक्षा सहाची, प्रत्यक्षात खुणा पाच. के-१२चे स्वतःचे गुणसूत्र सुमारे ४६ लाख बेस-जोड्यांचे, त्यात अशा सुमारे ६०० खुणा. एकही कोरी राहिली तर पेशी स्वतःवरच वार करेल. नक्कल होताना नवा धागा कोरा असतोच, पण जुन्यावर मेथिल असल्याने यंत्र ते ‘अर्धे आपले’ म्हणून वाचते आणि ठसा पूर्ण करते. ‘सी’तून आलेल्या त्या शंभरातल्या दोन कणांना के-१२मध्ये जीवदान मिळते ते याच नियमामुळे. फेज पेशीच्या घरकामाच्या नियमाचा फायदा घेतो.

मग कोऱ्या १०,०००पैकी २ कसे वाचतात? कोऱ्या खुणेवर कापणे ही इको-के-वनची सवय, ठसा मारणे अपवाद. पण पेशीत यंत्रे मोजकीच असतात, आणि एखाद्या पेशीत त्या क्षणी ती कमी किंवा अर्धवट जुळलेली असली तर डीएनए पाचही जागी न कापता टिकतो. एकदा टिकला की लॅम्डा स्वतःचे राल नावाचे प्रथिन बनवतो, जे इको-के-वनला कापण्याकडून ठसा मारण्याकडे झुकवते. राल येईपर्यंत आत शिरलेला पहिला डीएनए बहुधा गेलेला असतो, म्हणून राल त्याला वाचवू शकत नाही; पण वाचलेल्याच्या सगळ्या पिल्लांवर पूर्ण ठसा उमटवण्यात त्याचा हात मोठा आहे. खुणांची संख्या उत्परिवर्तनाने कमी केलेले लॅम्डा वाण कमी अडतात, आणि एकही खूण नसलेला अजिबात अडत नाही. अडवणूक खुणांवरच टेकलेली आहे याचा हा सरळ पुरावा.

प्रयोग बिघडतो तो बहुतेक वेळा पुढच्या ठिकाणी.

सगळ्यात जास्त घोळ वाणांच्या नावांनी होतो. फ्रीजमध्ये सहज सापडणारा डीएच-५-अल्फा हाही के-१२चाच वंशज. पण त्याचे कापणारे आर जनुक बिघडवलेले आहे आणि ठसा मारणारे एम चालू आहे. त्यावर ‘सी’चा लॅम्डा मोजला तर टायटर पूर्ण येतो आणि ‘अडवणूक दिसलीच नाही’ असा निष्कर्ष निघतो. हाच वाण जाणून वापरला तर उत्तम नियंत्रण ठरतो: लॅम्डा एकही कण न गमावता वाढतो आणि बाहेर पडतो तो पूर्ण के-ठसा घेऊन, एमजी-१६५५वर निर्धास्त वाढणारा. डीएच-१०-बीमध्ये कापणेही नाही आणि ठसाही नाही. बीएल-२१ तर ‘बी’ वाणाचा वंशज आहे. त्यातही दोन्ही बंद आहेत. त्यातून काढलेला प्लास्मिड, म्हणजे गुणसूत्राबाहेरचा छोटा गोल डीएनए, एमजी-१६५५मध्ये घातल्यावर वसाहती फारच कमी येत असतील आणि प्लास्मिडवर इको-के-वनची खूण असेल तर कारण बहुधा हेच. उपाय स्वस्त आहे: प्लास्मिड आधी डीएच-५-अल्फातून एकदा फिरवायचा. के-१२मध्ये परके मेथिलेशन ओळखून कापणाऱ्या आणखीही व्यवस्था आहेत, एमसीआरए, एमसीआर-बीसी आणि एमआरआर. पण त्यांचा रोख मेथिल असलेल्या परक्या डीएनएवर असतो, कोऱ्यावर नाही.

दुसरी चूक दाट फेज ओतण्याची. वरच्या उदाहरणात विरळ न केलेल्या ०.१ मिलिलिटरमध्ये २०० कोटी कण आहेत आणि पेशी साधारण १० कोटी. पेशीमागे २० कण. इको-के-वन एकदा कापले की पुन्हा पुन्हा कापत फिरत नाही, त्यामुळे इतक्या डीएनएपुढे यंत्रे कमी पडतात आणि अडवणूक ढासळते. शिवाय इतक्या कणांच्या माऱ्याने पेशी बाहेरूनच फुटून प्लेट साफ दिसू शकते. साफ प्लेट म्हणजे फेज वाढला, असे धरू नये; सुटे प्लाक दिसतील इतके विरळ करावेच लागते. १०,००० पट विरळ केल्यावर पेशीमागे ०.००२ कण पडतात आणि आकडा विश्वासाचा होतो.

तिसरे, पेशींची अवस्था. अतिनील किरण बसलेल्या किंवा डीएनए दुखावणारी औषधे मिळालेल्या के-१२ पेशी अडवणूक सैल करतात, कारण गुणसूत्र दुरुस्त होताना कोऱ्या खुणा तयार होतात आणि तेव्हा आर घटक मोडून टाकणे हाच बचाव असतो; हे काम क्लिप-एक्सपी ही प्रथिने मोडणारी व्यवस्था करते. एचएसडी, म्हणजे इको-के-वनची तिन्ही, जनुके नसलेल्या पेशीत ती नव्याने आली तरी ठसा आधी आणि कापणे बऱ्याच पिढ्यांनंतर दिसते, त्यामागेही हेच नियंत्रण आहे. म्हणून पेशी ताज्या, रात्रभर शांतपणे वाढलेल्या हव्यात.

या ओळख-यंत्रावर फेजांनी काढलेले तोडगे पाहिले की किती जुनी झुंज आहे ते कळते. टी-७ फेज आपला डीएनए हळूहळू आत सोडतो आणि सर्वांत आधी शिरणाऱ्या जनुकातून ओक्र नावाचे प्रथिन बनवतो. ओक्रचा आकार आणि विद्युतभार वाकलेल्या डीएनएसारखा आहे. इको-के-वन त्यालाच धरून बसते आणि खरा डीएनए निसटतो. टी-२ आणि टी-४ यांनी डीएनएतले सायटोसिनच बदलून त्यावर ग्लुकोज चढवले आहे. साल्व्हादोर लुरिया आणि मेरी ह्युमन यांनी १९५२ मध्ये नोंदवलेले पहिले प्रकरण याच टी-फेजांचे होते: ई. कोलायच्या एका उत्परिवर्ती वाणावर वाढलेला टी-२ ई. कोलायवर वाढेना, शिगेला या दुसऱ्या जिवाणूवर मात्र वाढे. तो वाण ग्लुकोज चढवू शकत नव्हता आणि उघड्या पडलेल्या डीएनएला एमसीआर व्यवस्था कापत होत्या, हे पुढे कळले. दिसायला लॅम्डासारखेच, आतून जवळजवळ उलटे. तिथे गैरहजर ग्लुकोजमुळे डीएनए कापला जातो, इथे गैरहजर मेथिलमुळे.

हॅमिल्टन स्मिथ आणि केंट विल्कॉक्स यांनी १९७० मध्ये हिमोफिलस इन्फ्लुएन्झीमधून काढलेले एन्झाइम मात्र साधे निघाले. ते खुणेतच, ठरलेल्या जागी कापते, एटीपी मागत नाही. कॅथलीन डॅना आणि डॅनियल नेथन्स यांनी १९७१ मध्ये त्याच जिवाणूच्या एन्झाइमने एसव्ही-४० विषाणूच्या डीएनएचे ११ तुकडे जेलवर वेगळे केले. आर्बर, स्मिथ आणि नेथन्स यांना १९७८ चे नोबेल मिळाले. आज जेलवर मापासाठी टाकतो तो लॅम्डा-हिंड-थ्री मार्कर (हिंड-थ्री एन्झाइमने कापलेला लॅम्डाचा डीएनए), २३,१३० पासून १२५ बेस-जोड्यांपर्यंतचे आठ तुकडे, याच वंशातला. इको-के-वनने कापलेला लॅम्डा मार्कर म्हणून कधीच चालला नसता.

राहता राहिली बाटलीवरची चिठ्ठी. आर्बर यांच्या काळापासून फेजच्या नावापुढे टिंब देऊन शेवटचा यजमान लिहिण्याची पद्धत आहे: लॅम्डा·के, लॅम्डा·सी. ‘सी’वर वाढवलेल्या लायसेटच्या बाटलीवर नुसते ‘लॅम्डा’ लिहून ती फ्रीजमध्ये गेली, तर पुढचा माणूस एमजी-१६५५वर ४० लाखांचा टायटर काढेल आणि साठा मेला म्हणून फेकून देईल. ‘सी’वर एक प्लेट टाकली की २,००० कोटी तिथेच मिळतील.